शाळेचा पगार आणि शाळेचा स्लॅब

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत कोसळलं आणि सात मुलं गेली. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या निदान चारपाच जणांनी मला एकच गोष्ट ऐकवली: "शिक्षणाचा सगळा पैसा पगारातच जातो, इमारतीला उरणार काय?" मी गेली पंचवीस वर्षं शाळा आणि दवाखान्यांच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. हा राग मला पुरेपूर समजतो. पण दुखणं एकीकडे आहे आणि बोट दुसरीकडे दाखवलं जातंय, म्हणून हे लिहितोय.

युनेस्को आणि ओईसीडी (बहुतांशी श्रीमंत देशांची संघटना) या संस्था देशोदेशींच्या सरकारी माध्यमिक शाळांचा खर्च दोन रकान्यांत मागवतात. जे वर्षाच्या आत वापरून संपतं ते चालू खर्चात: पगार, वीजबिल, खडू, झाडलोट, किरकोळ डागडुजी. जे वर्षापेक्षा जास्त टिकतं ते भांडवली खर्चात: नवी इमारत, मोठी दुरुस्ती, महागडी यंत्रं, वाहनं. ओईसीडीतल्या देशांत शालेय शिक्षणाच्या खर्चात चालू खर्चाचा वाटा सरासरी ९० टक्क्यांच्या वर जातो आणि त्यातला साधारण तीन चतुर्थांश भाग शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या पगाराचा असतो. म्हणजे पगाराचं पारडं जड आहे ते काही फक्त आपल्याकडे नाही.

तसं का, हे एका कागदावर मांडता येतं. समजा, वीस शिक्षक-कर्मचाऱ्यांचं एक हायस्कूल आहे. प्रत्येकी महिना ८० हजार धरले तर वर्षाचा पगार १ कोटी ९२ लाख. वीज, पाणी, साहित्य, साफसफाई यांचे १८ लाख. झाले २ कोटी १० लाख. इमारतीला ८ कोटी लागले आणि ती ४० वर्षं टिकली, तर वर्षाला पडले २० लाख. एकूण २ कोटी ३० लाखांत इमारतीचा वाटा ८.७ टक्के. सगळे आकडे मी धरून चाललेले आहेत, तरी उत्तर ओईसीडीच्या सरासरीजवळच येतं. शाळा म्हणजे मुळात माणसांनी माणसांना शिकवण्याची जागा. तिथे पगाराचा वाटा मोठाच असणार, त्यात उधळपट्टी नाही.

अडचण त्या २० लाखांची आहे. पगार दर महिन्याला मागितला जातो. इमारत काहीच मागत नाही. ती ४० वर्षं गप्प झिजते, आणि सरकारी हिशेब रोखीचा असल्याने ही झीज कुठल्याच रकान्यात लिहिली जात नाही. ती लिहिली जाते काँक्रीटच्या आत. या लेखातला मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारल्याचं आठवतंय? निवळी दुधाळ होते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड निवळीतल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडला भेटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका तयार होतो. अगदी हीच अभिक्रिया तुमच्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये आत्ता चालू आहे. सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की भरपूर कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ इतका चढतो. अशा तीव्र अल्कलीत लोखंडी सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. तो थर आहे तोवर सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत सरकत राहतो, हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट करतो, आणि पीएच ९ च्या खाली येतो. ही सीमा सळईपर्यंत पोचली की संरक्षक थर मोडतो.

ही सीमा किती वेगाने सरकते? वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एखाद्या मध्यम प्रतीच्या काँक्रीटमध्ये ती ४ वर्षांत ५ मिलिमीटर गेली, तर १० मिलिमीटरला १६ वर्षं लागतात, १५ ला ३६ आणि २० ला ६४. शेवटच्या दोन आकड्यांकडे नीट बघा. सळईखाली ५ मिलिमीटर काँक्रीट जास्त असेल तर २८ वर्षं जास्त मिळतात. भरणी करताना सळईखालचा कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून वर उचलून धरणारा छोटा ठोकळा, सरकला, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, की ही २८ वर्षं पहिल्याच दिवशी गेली.

सीमा पोचली म्हणजे लगेच गंज चढतो असंही नाही. त्याला पाणी लागतं. कार्बोनेशनचं, म्हणजे हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट होण्याचंही, ओलाव्याशी नातं आहे: पूर्ण कोरड्या काँक्रीटमध्ये ही अभिक्रिया अडते, पूर्ण भिजलेल्यात वायू शिरू शकत नाही. मधल्या ओलाव्यात ती जोरात चालते. आपल्याकडचा गळका स्लॅब याला हवं ते सगळं पुरवतो: आठ महिने हवा आत, चार महिने पाणी आत. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतं. आतून ढकललं गेलेलं काँक्रीट आधी सळईच्या रेषेत चिरतं, मग पोपडे पडतात, मग ढलपे.

डी सिटर नावाच्या डच अभियंत्याने १९८४ मध्ये यावर पाचाचा ठोकताळा मांडला. बांधतानाच नीट काळजी घ्यायला १ रुपया लागत असेल, तर गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीला ५, ठिकठिकाणी गंज आल्यावर २५ आणि सगळीकडे पसरल्यावर १२५. हा काटेकोर नियम नव्हे. पण साइटवर मला जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

आता पुन्हा त्या दोन रकान्यांकडे येऊ. ५ रुपयांचं काम, म्हणजे गच्चीची मोरी साफ ठेवणं आणि वॉटरप्रूफिंग वेळच्या वेळी करणं, हा चालू खर्च. १२५ रुपयांचं काम, म्हणजे स्लॅब पाडून नवा टाकणं, हा भांडवली. देखभाल टाळणाऱ्या देशाचा चालू खर्च आधी किंचित कमी दिसतो. वीस वर्षांनी त्याच देशाचा भांडवली खर्च फुगतो, आणि तक्ता वाचणारा म्हणतो, वा, शाळांमध्ये गुंतवणूक वाढली! एका वर्षाच्या टक्केवारीवरून देशांची क्रमवारी लावणाऱ्या बातम्या मला म्हणूनच पटत नाहीत. जपानने २००२ नंतर सरकारी प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळा भूकंपरोधक करण्याचा सपाटा लावला. तेव्हा निम्म्याहून कमी इमारती निकषात बसत होत्या, २०१८ पर्यंत ९९ टक्क्यांहून जास्त बसू लागल्या. तिथला वाढलेला भांडवली खर्च खरा, विचारपूर्वक केलेला. आकडा मात्र जपानचा आणि देखभाल टाळणाऱ्या देशाचा सारखाच दिसू शकतो.

इंग्लंडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. २००४ मध्ये तिथल्या सरकारने देशातलं प्रत्येक माध्यमिक विद्यालय नव्याने बांधायचा किंवा सुधारायचा कार्यक्रम घेतला. २०१० मध्ये सरकार बदललं, आणि जुलैत तो रद्द झाला. त्यातल्या बऱ्याच शाळा खासगी पैशातून बांधून पंचवीस-तीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडायच्या होत्या. म्हणजे भिंती भांडवली, पण हप्ता दरवर्षीच्या खर्चात. यात देखभाल कराराने बांधलेली असते, हा मोठा गुण. पण मुलं कमी झाली तरी हप्ता थांबत नाही. लिव्हरपूलची पार्कलँड्स ही अशीच बांधलेली माध्यमिक शाळा २०१४ मध्ये बंद झाली आणि पालिका पैसे भरत राहिली.

ज्या जुन्या शाळा उरल्या, त्यांतल्या काहींचे स्लॅब हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे होते. त्यात खडी नसते. अॅल्युमिनियमची पूड घालून हायड्रोजनचे बुडबुडे काढतात आणि दाबाखालच्या वाफेत शिजवतात. कापून पाहिलं तर ढोकळ्यासारखी जाळी. असं काँक्रीट सळईला संरक्षण देऊ शकत नाही, म्हणून सळईला वेगळा लेप द्यावा लागतो. लेप फाटला, वरून पाणी आलं, की संपलं. २०१८ मध्ये केंटमधल्या एका शाळेचं असं छत सुट्टीच्या दिवशी पडलं. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, शाळा सुरू व्हायला काही दिवस असताना, शंभरहून अधिक शाळांना आपल्या इमारती किंवा त्यांचे काही भाग बंद करायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवलं होतं की, शिक्षण खात्याच्या अंदाजाने इमारतींसाठी वर्षाला ५.३ अब्ज पौंड हवे होते, खात्याने मागितले ४ अब्ज आणि अर्थखात्याने दिले सरासरी ३.१ अब्ज.

भारतात तर हे रकाने आणखी गुंतागुंतीचे आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ प्रमाणे महसुली खर्च, म्हणजे ढोबळमानाने वरचा चालू खर्च, वेगळा दाखवावा लागतो. सरकारी लेख्यांत सर्वसाधारण शिक्षणाचा महसुली खर्च २२०२ या मुख्य शीर्षाखाली आणि भांडवली खर्च ४२०२ खाली जातो. पण केंद्राने समग्र शिक्षा योजनेतून राज्याला वर्गखोल्यांसाठी अनुदान दिलं, तर केंद्राच्या वहीत ते महसुली ठरतं, कारण खोली केंद्राच्या मालकीची होत नाही. वीट तीच, नाव वेगळं. म्हणूनच २०१२ मध्ये अशी अनुदानं वजा करून मोजलेली 'प्रभावी महसुली तूट' कायद्यात आणावी लागली. महाराष्ट्रातली बहुतेक हायस्कुलं खासगी अनुदानित. पगार सरकार देतं, इमारत संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून गावोगावच्या शाळा लोकांच्या देणग्यांतून आणि श्रमदानातून उभ्या राहिल्या. त्या भिंती सरकारच्या भांडवली खर्चात कधी आल्याच नाहीत. मग त्यांच्या म्हातारपणाचा खर्चही तिथे नाही. तो वेतनेतर अनुदानाच्या, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठी मिळणाऱ्या, तुटपुंज्या रकमेवर आणि संस्थेच्या ऐपतीवर सोडलेला आहे.

अशाच एका हायस्कुलात मी गेल्या मे महिन्यात गेलो होतो. १९८१ चं बांधकाम, वर्गणीतून झालेलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तुळईला भेगा होत्या. त्याआधी कुणीतरी वास्तुदोष सांगितला म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार बुजवून दुसऱ्या बाजूला काढलं होतं. त्या पैशात अर्ध्या गच्चीचा कोबा झाला असता, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या खोलीत नवा कोरा डिजिटल फळा होता, बरोबर ओल आलेल्या भिंतीवर.

मी हातोडीने स्लॅब ठोकत गेलो. चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो, पोकळ झालेल्याचा बद्द. एका ठिकाणी कड फोडली. माझ्याकडची फिनॉफ्थॅलीनची बाटली संपली होती, म्हणून विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतली आणून दिली, मुलं अनुमापनाला वापरतात तीच. ताज्या फुटलेल्या कडेवर थेंब टाकले; काँक्रीटमध्ये अल्कली शिल्लक असेल तिथे ते गुलाबी होतात. आतला भाग गडद गुलाबी झाला. बाहेरचा पट्टा तसाच राखाडी राहिला. पट्टी लावली: १७ मिलिमीटर. १९७८ च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईला किमान कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, १५ मिलिमीटर सांगितलं होतं. सळई राखाडी पट्ट्यात होती, तपकिरी पडलेली.

आम्ही गच्चीवर गेलो. पावसाच्या पाण्याची मोरी पाल्याने बुजलेली, तिच्यात वीतभर पिंपळ. शिपाईमामांनी तो तिथल्या तिथे उपटला. खाली आल्यावर मुख्याध्यापकांनी वही उघडून विचारलं, "सर, हे कुठल्या हेडला टाकायचं?" गच्चीचं काम वेतनेतरमध्ये बसवा आणि तुळयांचं अंदाजपत्रक संस्थेकडे आजच पाठवा, असं मी सांगितलं. दोन्ही खोल्यांना कुलूप लावायला लावलं. आठवीचे दोन वर्ग जूनपासून सभागृहात पडदा टाकून भरतात.