मेडनच्या पहिल्या अल्बममधला आवाज: पॉल डिआनोची बँडबाहेरची ४३ वर्षं

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या पन्नाशीचा दौरा २७ मे २०२५ रोजी बुडापेस्टमध्ये सुरू झाला. सुरुवातीची चारही गाणी बँडच्या पहिल्या दोन अल्बममधली होती: 'मर्डर्स इन द रू मॉर्ग', 'रॅथचाइल्ड', 'किलर्स' आणि 'फँटम ऑफ द ऑपेरा'. स्टेजवर ती बँडचा आत्ताचा गायक ब्रूस डिकिन्सन गात होता. मुळात ज्याच्या गळ्यातून ती रेकॉर्ड झाली तो पॉल डिआनो त्याआधी सात महिने, २१ ऑक्टोबर २०२४ रोजी, इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत आपल्या घरी वारला होता. वय ६६.

मुंबईतल्या बऱ्याच जणांसाठी मेडनचा आवाज म्हणजे डिकिन्सन, आणि त्यात नवल काही नाही. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनचा शो झाला, तो त्या जगभर फिरलेल्या दौऱ्याचा पहिलाच मुक्काम होता. डिकिन्सन स्वतः पायलट. बँडला आणि सामानाला घेऊन फिरणारं बोइंग ७५७ तोच चालवत होता. हार्बर लाइनवरून, ठाण्या-डोंबिवलीहून काळ्या टी-शर्टातली पोरं लोंढ्याने कुर्ल्याला उतरली होती. त्या रात्रीच्या यादीत डिआनोच्या काळातलं एकच गाणं होतं: 'आयर्न मेडन'.

त्याआधीच्या पिढीची गोष्ट थोडी निराळी. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव भरू लागला. त्या वातावरणात वाढलेल्या कॉलेजच्या बँडांना मेडन वाजवायचं तर असायचं, पण डिकिन्सनची पट्टी गाणाऱ्याच्या जिवावर यायची. अशा वेळी 'रनिंग फ्री' हाताशी असे. हे गाणं मध्य सप्तकातच बहुतेक फिरतं, कोरस सगळ्यांना ओरडता येतो, आणि आवाज थोडा खरखरला तर ते उलट शोभून दिसतं. कॉपी करकरून घासलेल्या कॅसेटवर पहिले दोन अल्बम ऐकलेल्या माणसाला डिआनो कोण हे सांगावं लागत नसे.

तो बँडचा अगदी पहिला गायक मात्र नव्हे. बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या ख्रिसमसच्या सुमारास पूर्व लंडनमध्ये बँड उभा केला तेव्हा माइकवर पॉल मारियो डे होता. त्याच्यानंतर डेनिस विल्कॉक आला. डे पुढे 'मोअर' या बँडमध्ये गायला, ऐंशीच्या दशकात 'द स्वीट'मध्ये गेला आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. या दोघांपैकी कोणाचाही आवाज मेडनच्या अल्बमवर नाही, म्हणून 'मूळ गायक' म्हटलं की जग डिआनोकडे बोट दाखवतं.

पॉल अँड्र्यूज हे त्याचं खरं नाव. जन्म १७ मे १९५८, लंडनच्या उत्तर-पूर्व टोकाला असलेल्या चिंगफर्डचा. १९७८ मध्ये तो मेडनमध्ये आला. त्या वर्षाच्या अखेरच्या दोन दिवसांत केंब्रिजच्या स्टुडिओत डेमो रेकॉर्ड झाला, आणि त्यातली तीन गाणी पुढच्या नोव्हेंबरात बँडने स्वतःच बाजारात आणली, ५००० प्रती काढून. एप्रिल १९८० मध्ये पहिला अल्बम आला आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट चौथ्या क्रमांकावर चढला. त्याआधी फेब्रुवारीत बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये 'रनिंग फ्री' वाजलं होतं, आणि तेही प्रत्यक्ष. तिथे आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवण्याची पद्धत होती. ती १९७२ मध्ये 'द हू'ने मोडली होती, त्यानंतर मेडननेच. १९८१ च्या फेब्रुवारीत 'किलर्स' आला, तो बाराव्या क्रमांकापर्यंत गेला.

या माणसाला गाता येत नव्हतं, नुसता ओरडायचा, असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी 'रिमेंबर टुमारो' शांतपणे ऐकावं. शब्द डिआनोचे, आजोबांच्या आठवणीतून आलेले. सुरुवातीला गिटारचे सुटे स्वर आणि त्यावर जवळजवळ कुजबुजीच्या पातळीवरचा आवाज, कुठेही जोर नाही. मग बँड कोसळतो आणि हाच गळा एक किंकाळी इतकी लांबवतो की खालचा ठेका बदलून गेलेला असतो. पुन्हा गाणं खाली येतं, तेव्हा आवाज तितकाच हळवा. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. मेटलमध्ये पुढे पुष्कळ मोठे गळे आले, पण रस्त्यावरचा राकटपणा आणि हा हळवेपणा एकाच गाण्यात इतक्या सहज नांदवणारे मला फार सापडले नाहीत. २००८ मध्ये मेटालिकाने हेच गाणं आपल्या परीने गायलं, यातच त्याचं वजन कळतं.

'किलर्स'च्या दौऱ्यावर सगळं बिनसलं. कोकेन, दारू, रात्रीमागून रात्री शो, आणि त्यात बसत चाललेला आवाज. कार्यक्रम रद्द होऊ लागले. मोठा दौरा या माणसाला पेलणार नाही, असं हॅरिस आणि मॅनेजर रॉड स्मॉलवूड यांनी ठरवलं. सप्टेंबर १९८१ मध्ये कोपनहेगनला तो मेडनबरोबर शेवटचं गायला. 'सॅमसन' या बँडमधून डिकिन्सनला आणलं गेलं, आणि १९८२ चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. डिआनोला काढण्याचा निर्णय चुकला असं कोणीच म्हणू शकत नाही. पुढे अनेक मुलाखतींत खुद्द डिआनोनेही त्याबद्दल मन मोकळं केलं.

इथून पुढचं आयुष्य सहसा दोन ओळींत उरकतात: व्यसन, तुरुंग, व्हीलचेअर. मला हा उरकेपणा मान्य नाही, कारण या त्रेचाळीस वर्षांत तो गात होता.

त्याच्यापुढची अडचण समजून घ्यायला आपल्या नाटक कंपन्या आठवाव्यात. १९१३ मध्ये बालगंधर्व गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९१८ मध्ये मास्टर दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळी काढली. पाटी नवी, पण प्रेक्षक त्या गळ्यामागे गेला, कारण तिकीट गळ्यासाठीच काढलं जात होतं. मेटल बँडमध्ये हे उलटं असतं. मेडनचं नाव, डेरेक रिग्जने रंगवलेला एडी हा अल्बमच्या मुखपृष्ठांवरचा राक्षसी चेहरा, गाण्यांचा मुख्य कर्ता हॅरिस, सगळं कंपनीत राहिलं. डिआनो बाहेर पडला तो फक्त एक गळा घेऊन, आणि त्या गळ्याची ओळखही दुसऱ्याच्या पाटीला चिकटलेली.

आधी त्याने ती पाटी टाळून पाहिली. १९८४ मध्ये 'डिआनो' नावाने अल्बम काढला, त्यात कीबोर्ड आणि गुळगुळीत कोरस होते. त्याचा तो पिंड नव्हता आणि ऐकणाऱ्यालाही ते जाणवतं. १९८५ मध्ये जोनाथन किंग या निर्मात्याने जमवलेल्या 'गॉगमॅगॉग'मध्ये तो गायला, सोबत मेडनचा जुना ड्रमर क्लाइव्ह बर आणि पुढे मेडनमध्ये जाणारा यानिक गर्स. तीन गाण्यांवर तो प्रकार थांबला. मग 'बॅटलझोन', १९८६ आणि १९८७ चे दोन अल्बम. इथे वेग आणि खरखर परतली.

१९९० मध्ये जपानला गेला तो 'प्रेइंग मँटिस' या बँडबरोबर, आणि सोबत मेडनच्या पहिल्या अल्बममधला गिटारिस्ट डेनिस स्ट्रॅटन. टोकियोतल्या त्या कार्यक्रमाची रेकॉर्डही निघाली. जुन्या गाण्यांना तिथे गिऱ्हाईक आहे, हे स्वच्छ दिसलं. पुढच्या बँडचं नावच मग 'किलर्स' पडलं. १९९२ च्या 'मर्डर वन' या अल्बमवर 'रिमेंबर टुमारो' पुन्हा आलं. नव्वदच्या दशकातल्या त्याच्या इतर रेकॉर्डांची नावं पाहिली की नस कळते: 'द ओरिजिनल आयर्न मेन', 'द वर्ल्ड्स फर्स्ट आयर्न मॅन', 'अ‍ॅज हार्ड अ‍ॅज आयर्न'. लोखंड सुटता सुटत नव्हतं. छोट्या लेबलांनी हेच नाव विकलं आणि त्यालाही त्यातूनच पोट भरायचं होतं. यात मला लाजण्यासारखं काही दिसत नाही. पण नवं गाणं लिहिण्याची उमेद अशा कामात झिजते, हे मात्र त्या रेकॉर्ड ऐकताना सतत जाणवतं.

ती उमेद परत आली ब्राझीलमध्ये. तिथे तो काही काळ राहिला, तिथल्या वादकांना घेऊन २००० मध्ये 'नोमॅड' केला. माझ्या मते मेडननंतरचं त्याचं हे सर्वांत भक्कम काम. गिटार खालच्या सुरात लावलेल्या, ठेका जड, आणि त्यावर चाळिशी ओलांडलेला आवाज आपल्या नव्या खर्जात नीट बसलेला. विशीतल्या गळ्याची नक्कल करण्याचा खटाटोप इथे नाही. २००६ मध्ये तोच अल्बम 'द लिव्हिंग डेड' नावाने पुन्हा निघाला, तरी फार थोड्यांपर्यंत पोहोचला.

२०११ मध्ये सॉल्सबरीच्या न्यायालयाने त्याला नऊ महिन्यांची शिक्षा दिली. पाठीच्या दुखण्यामुळे काम करता येत नाही असं सांगून त्याने सरकारी भत्ते घेतले, साधारण ४५००० पौंडांचे, आणि त्याच काळात तो देशोदेशी कार्यक्रम करत होता. गुन्हा त्याने कबूल केला. दोन महिन्यांनी सुटला आणि पुन्हा स्टेजवर गेला. २०१५ मध्ये 'आर्किटेक्ट्स ऑफ केऑस' या बँडबरोबर एक अल्बमही आला.

शरीर मात्र हटून बसलं. गुडघ्यांचं दुखणं, जंतुसंसर्ग, पायांना येणारी प्रचंड सूज, व्हीलचेअर आली. तेव्हा धावून आले ते चाहते. जगभरातून वर्गणी गोळा झाली आणि क्रोएशियात उपचार सुरू झाले. मे २०२२ मध्ये झाग्रेबला मेडनचा शो होता. त्याआधी हॅरिस त्याला भेटायला आला. दोघे बोलत बसलेले फोटो मुंबईतल्या मेडनवेड्यांच्या ग्रुपवरही दिवसभर फिरत होते, आणि एरवी ड्रमच्या ठोक्यांवरून भांडणारी माणसं त्या दिवशी नुसती हात जोडत होती.

त्याच दिवसांत डिआनोने झाग्रेबमध्ये स्वतःचा शो केला. खुर्चीत बसून. मग थांबलाच नाही. २०२३ पासून त्याचे शंभराहून अधिक कार्यक्रम झाले. आवाजातली वरची बाजू गेली होती, दमही पुरत नसे. गर्दी त्याच्या वाट्याच्या ओळी म्हणायची आणि तो पुढची पकडायचा. क्रोएशियन वादकांबरोबर केलेला 'वॉरहॉर्स' जुलै २०२४ मध्ये निघाला, सप्टेंबरमध्ये मेडननंतरच्या निवडक गाण्यांचा संग्रह आला, आणि ऑक्टोबरमध्ये हृदयाभोवतीच्या आवरणाला चीर पडून तो गेला.

आज त्याला पहिल्यांदा ऐकायचं तर १९८० च्या अल्बमनंतर सरळ 'नोमॅड' लावावा. मग 'मर्डर वन', आणि शेवटी 'वॉरहॉर्स'. १९८४ चा अल्बम सोडला तरी चालेल.