चेहऱ्याला किती गुण?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामांचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागावर नवा माणूस घेताना त्यांना एकच घोर असतो: हा उचल फेडेपर्यंत टिकेल, की गड्ड्याच्या जत्रेला म्हणून जाईल तो परत तोंडच दाखवणार नाही? तरी अंदाज विचारला की मामांचं उत्तर ठरलेलं. "माणूस दारातनं आत आला की कळतंय की मला. तुझं मानसशास्त्र राहू दे कॉलेजात."

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या जुन्या हजेरीपुस्तकातून काही माणसांची कार्डं केली. नाव झाकलं आणि पाच गोष्टी लिहिल्या: आधीच्या जागी किती वर्षं, किती कारखाने बदलले, घर किती लांब, घरात आणखी कुणी मागावर आहे का, कुणाच्या ओळखीने आला. "चेहरा कुठाय यात?" असं कुरकुरत का होईना, मामा टिकणारे आणि पळणारे वेगळे काढू लागले. दोन कार्डं मी मुद्दाम दोनदा घातली होती. त्यातल्या एकावर सकाळी चहा पिताना मामा म्हणाले, "हा टिकणार." दुपारी सुताच्या व्यापाऱ्याचा फोन आला, भाव चढला होता. त्यानंतर तेच कार्ड हातात आलं. "हा? हा पळणार."

याला प्रयोग म्हणणं धाडसाचं होईल. पण मामांच्या त्या दोन उत्तरांमध्ये उपयोजित मानसशास्त्रातली एक फार देखणी गोष्ट दडलेली आहे.

पॉल मील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 साली एक छोटं पुस्तक लिहिलं. विद्यार्थी पास होईल का, सुटलेला कैदी पुन्हा गुन्हा करेल का, रुग्णाला उपचार लागू पडतील का, अशा बाबतीत तज्ज्ञाचा अंदाज जास्त बरोबर येतो की चार आकड्यांची साधी बेरीज, हा त्याचा प्रश्न. हाती असलेल्या वीसेक अभ्यासांत बेरीज जवळजवळ कुठेच हरली नाही. तज्ज्ञ मंडळी अर्थातच चिडली. पुढे 2000 साली 136 अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला: 63 ठिकाणी सूत्र, म्हणजे अशी ठरलेली आकडेमोड, सरस, 65 ठिकाणी बरोबरी, तज्ज्ञ सरस फक्त 8 ठिकाणी.

हे का होतं, ते सांगताना मला नेहमीच भान राहत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

लुईस गोल्डबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1970 मध्ये एक गमतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 29 मानसशास्त्रज्ञांनी 861 रुग्णांच्या चाचणीचे गुण बघून प्रत्येकाचा आजार दोनपैकी कुठल्या गटातला ते ओळखायचं. गोल्डबर्गने प्रत्येक तज्ज्ञाच्या उत्तरांवरून त्या तज्ज्ञाचंच सूत्र काढलं, म्हणजे हे गृहस्थ कुठल्या गुणाला किती भाव देतात याचं गणित. रुग्णाला खरं काय झालं होतं हे त्या सूत्राला सांगितलेलंच नव्हतं. ते गुरूची नुसती नक्कल करत होतं. तरीही बहुतेक तज्ज्ञांना त्यांच्याच नकलेने हरवलं!

कारण सोपं आहे. तज्ज्ञाच्या प्रत्येक निर्णयात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्याचं खरं शहाणपण आणि त्या दिवसाची डगमग. ऊन, भूक, सुताचा भाव, आधीच्या माणसाने दिलेला ताप. सूत्र काढताना शहाणपण तेवढं उरतं, डगमग गळून जाते. सूत्राला दुपारी झोप येत नाही.

रॉबिन डॉज या आणखी एका मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये याच्याही पुढची गोष्ट मांडली: कुठल्या गोष्टीला किती भार द्यायचा हेही फार मोजत बसू नका. सगळ्यांना सारखाच भार द्या, फक्त दिशा बरोबर हवी. आता थोडं गणित. वर्षं आणि किलोमीटर यांची थेट बेरीज होत नाही, म्हणून आधी दोन्ही एका मापात आणायचे. समजा, मामांकडे येणाऱ्यांचा सरासरी अनुभव 6 वर्षं आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा फैलाव, 4 वर्षं. मग 10 वर्षं अनुभवाचा माणूस सरासरीच्या एक फैलाव वर: अधिक 1. घराचं सरासरी अंतर 5 किलोमीटर, फैलाव 3. त्याचं घर 2 किलोमीटरवर, म्हणजे पुन्हा अधिक 1, कारण इथे जवळचं चांगलं. बेरीज 2. दुसऱ्याचा अनुभव 4 वर्षं, घर 11 किलोमीटरवर: उणे अर्धा आणि उणे 2, बेरीज उणे अडीच. आता अनुभवाला दुप्पट भार देऊन बघा. पहिला 3, दुसरा उणे 3. क्रम तोच! भार बदलले तरी माणसांच्या रांगेत सहसा फारशी उलथापालथ होत नाही. उलट, पंचवीस-तीस माणसांच्या माहितीवरून 'अचूक' भार काढायला गेलात, तर त्या पंचवीस-तीस जणांचे योगायोगही सूत्रात शिरतात आणि पुढच्या माणसाला ते गैरलागू ठरतात.

डॉजने नवराबायकोंनाही सोडलं नाही. 42 जोडप्यांमध्ये शरीरसंबंधांची संख्या वजा भांडणांची संख्या, एवढाच हिशेब केला. स्वतःला सुखी म्हणवणाऱ्या 30 जोडप्यांपैकी 28 जणांचं उत्तर अधिक आलं, दुःखी 12 जोडप्यांचं सगळ्यांचं उणे. छत्तीस गुण जुळवण्यापेक्षा ही वजाबाकी बरी. पत्रिकांचीही परीक्षा झालेली आहे. 2008 मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या. मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायचं होतं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. छापाकाट्याने 50 आली असती. हल्ली दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगणाऱ्यांची जाहिरातपत्रकं रविवारच्या पेपरात येतात, त्यांनाही असाच पेपर सोडवायला द्यावा. आणि मुलाखतीचा व्हिडिओ पाहून माणूस ओळखल्याचा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही, कारण तोही मामांचाच चेहरा, फक्त महाग.

सूत्राच्याही मर्यादा आहेत. एक मीलनेच सांगितली: दर आठवड्याला ठरल्या दिवशी सिनेमाला जाणारा माणूस आजही जाईल असं सूत्र म्हणेल, पण त्याचा पाय मोडलाय हे कळलं तर सूत्र बाजूला ठेवा. अडचण एवढीच, की तज्ज्ञांना जिकडेतिकडे मोडलेले पाय दिसायला लागतात.

दुसरी मर्यादा मला कारखान्यातच भेटली. मामांनी सहावा रकाना सुचवला, आडनावाचा. मी नको म्हणालो, तर म्हणाले, "का? आकडेच बघ की." आकडे तसं दाखवतीलही. पण ज्यांच्या वाट्याला सतत अडकणारा जुना माग आला, त्यांची मजुरी कमी पडली आणि ते लवकर सोडून गेले. मागाचा दोष सूत्र बिनबोभाट आडनावावर टाकणार. यावर आमचं बोलणं जेवणापर्यंत चाललं. शेंगाचटणी संपली, मत बदललं नाही. रकाना मात्र झाला नाही.

त्याऐवजी त्यांना चेहऱ्याचा रकाना हवा होता, आणि तिथे मला नमतं घ्यावं लागलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन विशीत असताना मीलचं पुस्तक वाचून इस्रायली सैन्यभरतीची मुलाखत बदलायला बसला. सहा गुणवैशिष्ट्यं, प्रत्येकाचे वेगळे प्रश्न, प्रत्येकाला वेगळे गुण. मुलाखत घेणारे वैतागले, आम्हाला यंत्रं करताय म्हणाले. तेव्हा त्याने शेवटी एक कलम जोडलं: आता डोळे मिटा आणि हा माणूस सैनिक म्हणून कसा होईल त्याचे गुण द्या. नंतर पडताळा घेतला, तर हे डोळे मिटून दिलेले गुण सहांच्या बेरजेइतकेच उपयोगी निघाले. मात्र आधीचे सहा रकाने भरल्यानंतर.

तर आता मामांच्या कार्डावर पाच रकाने आहेत आणि सगळ्यात खाली 'चेहरा'. पाच भरल्याशिवाय तो भरायचा नाही, असं ठरलंय. इतरांइतकाच भार, म्हणजे एक. मामा तीन मागतायत.