ऊर्जा चयापचय : अन्नघटक आणि मद्यार्क

अन्नातील कर्बोदके, मेद व प्रथिने, तसेच मद्यातून शरीरात जाणारा मद्यार्क (एथिल अल्कोहोल), यांचे पेशींमध्ये टप्प्याटप्प्याने ऑक्सिडीकरण होऊन त्यांतील रासायनिक ऊर्जा शरीराच्या उपयोगी पडेल अशा रूपात मोकळी होते. या सर्व प्रक्रियांना मिळून ऊर्जा चयापचय म्हणतात. दर ग्रॅममागे कर्बोदकांपासून व प्रथिनांपासून सुमारे ४, मेदापासून ९ आणि मद्यार्कापासून ७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर छापले जाणारे उष्मांक आजही मुख्यतः याच आकड्यांवरून काढतात आणि त्यांचे श्रेय विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी माणसांना सलग काही दिवस बंद कक्षात ठेवून त्यांचा आहार, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगातून बाहेर पडणारी उष्णता यांचा काटेकोर हिशेब मांडला. मद्यार्काचे शरीरात जवळजवळ पूर्ण ऑक्सिडीकरण होते व त्याची ऊर्जा शरीर वापरते, हा त्यांचा निष्कर्ष मद्यपानविरोधी चळवळीला मुळीच रुचला नाही. पण तो बरोबर होता. मात्र उष्मांकाच्या आकड्यावरून ऊर्जा किती मिळते एवढेच समजते. ती कोणत्या मार्गाने मिळते आणि ती मिळवताना शरीराची कोणती कामे खोळंबतात, हे त्यावरून समजत नाही, आणि मद्यार्काच्या बाबतीत नेमके तेच अधिक महत्त्वाचे ठरते.

पेशी अन्नातील ऊर्जा थेट वापरत नाहीत. ती आधी ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट (एटीपी) या संयुगाच्या फॉस्फेट बंधांत साठवावी लागते. एटीपीचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि स्वतंत्रपणे हार्वर्ड येथे सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी लावला. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी अगदी थोडे असते, परंतु ते अखंड तुटत व पुन्हा जोडले जात असल्यामुळे दिवसभरातील त्याची एकूण उलाढाल माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास जाते. या उलाढालीत एनएडी हा सहविकर (विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, मदत करणारा रेणू) मध्यस्थाचे काम करतो. इंधनाच्या रेणूतून निघालेले हायड्रोजन व इलेक्ट्रॉन तो स्वीकारतो, त्याचे एनएडीएच होते, आणि तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतील ऊर्जा तयार करणारा घटक) आतील पटलावर ते इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनकडे सोपवले गेले की एनएडी पुन्हा मोकळा होतो. पेशीत एनएडीचा साठा मर्यादित असतो. मोकळा एनएडी उपलब्ध नसेल तर इंधन कितीही असले तरी त्याचे ऑक्सिडीकरण पुढे सरकत नाही.

कर्बोदकांच्या पचनातून मुख्यतः ग्लुकोज मिळते. पेशीद्रव्यात दहा पायऱ्यांच्या ग्लुकोज-विघटनातून एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात व निव्वळ दोन एटीपी हाती लागतात. ऑक्सिजन पुरेसा असेल तर पायरुविक आम्ल तंतुकणिकेत जाऊन ॲसेटिल-को-एन्झाइम-ए बनते आणि क्रेब्ज चक्रात शिरते. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या या चक्रात सर्व इंधनांचे मार्ग एकत्र येतात. मेदाम्लांच्या साखळीतून दोन-दोन कार्बनचे तुकडे सुटून त्यांचेही ॲसेटिल-को-एन्झाइम-ए होते. प्रथिनांतील ॲमिनो आम्ले प्रथम नायट्रोजन गमावतात, यकृत त्या नायट्रोजनाचा यूरिया करते, आणि उरलेले कार्बनी सांगाडे ठिकठिकाणी याच मार्गांना मिळतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अखेरीस ३० ते ३२, तर १६ कार्बनच्या पामिटिक आम्लाच्या एका रेणूपासून सुमारे १०६ एटीपी मिळतात.

या इंधनांवर संप्रेरकांचे नियंत्रण असते. जेवणानंतर इन्शुलिन वाढते. जास्तीचे ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या, तर मेद मेदपेशींत चरबीच्या रूपात साठतो. प्रौढ व्यक्तीच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. ते सुमारे एका दिवसाच्या उपवासात बहुतांशी संपते. त्यानंतर ग्लुकागॉन व इतर संप्रेरकांच्या प्रभावाखाली यकृत लॅक्टिक आम्ल, ग्लिसरॉल व ॲमिनो आम्ले यांपासून नवे ग्लुकोज बनवते, कारण मेंदूला दररोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते.

मद्यार्क या व्यवस्थेत बसत नाही. त्याला पचनाची गरज नसते. जठरातून थोडा व लहान आतड्यातून बराचसा मद्यार्क तसाच रक्तात शोषला जातो. पोटात अन्न असेल तर तो जठरातून पुढे सरकायला वेळ लागतो, म्हणून रिकाम्या पोटी नशा लवकर चढते. उच्छ्वास, मूत्र व घाम यांवाटे दोन ते दहा टक्के मद्यार्क न बदलता बाहेर पडतो, आणि श्वासावरून मद्यपान ओळखणारी उपकरणे यातल्या उच्छ्वासाच्या वाट्यावरच चालतात. उरलेला बहुतेक सर्व भार यकृतावर पडतो. शरीरात मद्यार्काचे कोठार नाही आणि त्याचा वेग ठरवणारे संप्रेरकही नाही, त्यामुळे इतर इंधने मागे ठेवून आधी त्याचीच विल्हेवाट लावावी लागते.

ही विल्हेवाट दोन पायऱ्यांत होते. अल्कोहोल डीहायड्रोजिनेज हे विकर मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड करते आणि तंतुकणिकेतील अल्डिहाइड डीहायड्रोजिनेज त्याचे ॲसिटेट बनवते. दोन्ही पायऱ्यांवर एकेक एनएडी खर्ची पडतो. ॲसिटेट मुख्यतः यकृताबाहेर पडून हृदय, स्नायू व इतर ऊतींत जाते आणि तेथे त्याचे ॲसेटिल-को-एन्झाइम-ए होऊन ते क्रेब्ज चक्रात जळते. पहिले विकर मद्यार्काच्या थोड्याशा प्रमाणातच पूर्ण क्षमतेने काम करू लागते, शिवाय एनएडी मोकळा होण्याच्या वेगालाही मर्यादा असते. म्हणून रक्तातील मद्यार्क ठरावीक वेगानेच, साधारण दर तासाला १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅम या दराने, उतरतो. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये या हिशेबाला सूत्ररूप दिले. हा दर व्यक्तिपरत्वे बदलतो, पण कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने तो वाढत नाही.

दरम्यान यकृतात एनएडीएच साचत जाते व मोकळा एनएडी कमी पडतो. पायरुविक आम्ल उलट दिशेने लॅक्टिक आम्लाकडे वळते आणि नवे ग्लुकोज बनवण्याचे काम जवळजवळ थांबते. पोट भरलेले असताना याने फारसे बिघडत नाही. मात्र दिवसभर काही न खाता मद्य घेतलेल्या माणसाचे ग्लायकोजेन आधीच संपलेले असते आणि त्याच्या रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बरळणे, तोल जाणे, गुंगी ही त्याची लक्षणे नशेसारखीच दिसत असल्याने ती सहज नजरेआड होतात. अशा वेळी ग्लुकागॉनच्या इंजेक्शनाचा उपयोग होत नाही, कारण त्याने मोकळे करावे असे ग्लायकोजेनच शिल्लक नसते. थेट ग्लुकोज द्यावे लागते, आणि दीर्घकाळच्या मद्यपीला त्यासोबत थायमिनही (ब-१ जीवनसत्त्व).

मेदाम्लांचे ऑक्सिडीकरणही याच कारणाने मागे पडते, ती पुन्हा मेदात रूपांतरित होतात आणि यकृतात चरबी साचते. मद्यपान थांबवल्यास ही सुरुवातीची अवस्था बहुधा पूर्ववत होते. ‘मद्याची चरबी होते’ हा समज शब्दशः बरोबर नाही : मद्यार्काचा फार थोडा भाग मेदात बदलतो, परंतु तो जळत असताना आहारातील मेद जळायचा राहतो आणि साठतो. वाढलेले लॅक्टिक आम्ल मूत्रपिंडातून यूरिक आम्ल बाहेर पडण्यात अडथळा आणते. संधिवातसदृश गाउट या विकाराचा मद्याशी असलेला संबंध काही अंशी यावरून उलगडतो.

नियमित व अधिक मद्यपान करणाऱ्यांत चार्ल्स लीबर व लिओनोर डीकार्ली यांनी १९६८ मध्ये वर्णिलेली, मद्यार्काचे ऑक्सिडीकरण करणारी दुसरी व्यवस्था बळावते. तिच्यातील सायटोक्रोम पी-४५० २ई१ हे विकर मद्यार्काच्या ऑक्सिडीकरणासाठी पेशीचीच ऊर्जा खर्च करते, त्यामुळे त्या मार्गाने हाती पडणारे एटीपी कमी भरते. हेच विकर पॅरासिटामॉलपासून यकृताला घातक असे उपउत्पादनही बनवते.

ॲसिटाल्डिहाइड स्वतः विषारी आहे. पूर्व आशियातील अनेकांत दुसऱ्या पायरीचे विकर जन्मतः दुबळे असते. त्यांचा चेहरा थोड्याशा मद्यानेही लाल होतो व छाती धडधडते. व्यसनमुक्तीसाठी वापरले जाणारे डायसल्फिरॅम हेच विकर मुद्दाम अडवते. मेथिल अल्कोहोलच्या विषबाधेत मात्र पहिल्या पायरीचे विकर अडवावे लागते, कारण ते मेथिल अल्कोहोलचे फॉर्माल्डिहाइड करते व त्यापासून बनणारे फॉर्मिक आम्ल दृष्टी घालवते. त्यासाठी फोमेपिझोल देतात. ते नसेल तर वैद्यकीय देखरेखीखाली एथिल अल्कोहोलच दिले जाते, जे विकराला गुंतवून ठेवते आणि तोवर मेथिल अल्कोहोल मूत्रपिंडावाटे किंवा रक्तशुद्धीकरणाने काढून टाकता येते.