खुलासा: आयडी आहे म्हणजे लोकेटर पक्का?

ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये, म्हणजे वेबसाइटची चाचणी स्क्रिप्टकडून करून घेताना, पानावरचा रकाना किंवा बटण शोधायची खूण म्हणजे लोकेटर. त्याबाबत एक सल्ला हमखास मिळतो: एलिमेंटला (पानावरच्या अशा घटकाला) आयडी, म्हणजे कोडमधलं त्याचं ओळखनाव, असेल तर तोच वापरा, तो कधी तुटत नाही. हे अर्धंच खरं आहे. डेव्हलपरने हाताने दिलेला आयडी सहसा टिकतो. पण काही फ्रेमवर्क (वेबसाइट बांधायच्या तयार कोड-चौकटी) पान तयार होताना आयडी आपोआप बनवतात. आज ‘इनपुट-४७’ असलेला रकाना, वर एक रकाना वाढला की ‘इनपुट-४८’ होतो. मग स्क्रिप्ट अडकते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच रकान्यात मजकूर भरून पुढे जाते.

तपासणं सोपं आहे. राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, आयडी टिपून ठेवा, पान दोन-तीनदा रीलोड करा, दुसऱ्या युजरने लॉगिन करून पुन्हा पाहा. आकडा बदलला तर आयडी सोडा आणि कोडमधलं ‘नेम’ (name) अ‍ॅट्रिब्यूट किंवा लेबलचा मजकूर धरा. डेव्हलपरकडून टेस्टसाठी वेगळा डेटा अ‍ॅट्रिब्यूट (एलिमेंटच्या कोडमध्ये मुद्दाम लिहिलेली खूण) मागून घेतलात तर उत्तमच.