सरांच्या व्याख्यानमालेतलं मराठी व्याख्यान कुठे गेलं?

यंदाची निमंत्रणपत्रिका आल्यापासून बरेच जण विचारतायत की कुष्ठरोगावर आणि इम्युनॉलॉजीवर (शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्रावर) काम केलेल्या आमच्या सरांच्या नावाने वर्षाला दोन व्याख्यानं व्हायची ना, मग दुसरं, मराठीतलं, गेलं कुठे. म्हणून थोडं मागचं लिहितेय.

देणगीच्या व्याजावर व्याख्यानं चालवायची पद्धत मुंबई विद्यापीठात जुनी आहे, रा. गो. भांडारकरांची १८७७ ची भाषाशास्त्रावरची व्याख्यानं तशीच झाली होती.  पण सरांचं काम समजून घ्यायचं तर सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या वडाळा-परळकडे बघायला हवं. इम्युनॉलॉजी तेव्हा मायक्रोबायॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राच्या, पोटात शिकवायचे, वेगळं खातं वगैरे नाही, आणि इथे तो विषय वाढला त्यात कुष्ठरोगाचा वाटा फार मोठा. वडाळ्याचं अॅक्वर्थ हॉस्पिटल १८९० पासूनचं, तिथे पेशंट, आणि परळला कॅन्सरच्या संशोधन संस्थेत १९७९ च्या सुमारास आयसीआरसी नावाच्या जंतूपासून कुष्ठरोगाची लस तयार झाली.

हा रोग म्हणजे इम्युनॉलॉजीचा चालताबोलता धडा आहे. जंतू तोच, पण एकाच्या अंगावर एक-दोन बधिर चट्टे येऊन थांबतं आणि दुसऱ्याच्या कातडीत कोट्यवधी जंतू सापडतात. फरक शरीराच्या प्रतिसादाचा. लेप्रोमिन टेस्टमध्ये हाताच्या कातडीत मारलेल्या जंतूंचं इंजेक्शन द्यायचे आणि तीन-चार आठवड्यांनी बघायचे, पहिल्याच्या हातावर टणक गाठ आलेली असायची, आणि दुसऱ्याच्या, ज्याच्या अंगात जंतूच जंतू, त्याच्या हातावर काहीच नाही.

१९८१ साली डब्ल्यूएचओने एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावर एकाच वेळी दोन-तीन औषधं द्यायची पद्धत, सुचवली आणि नंतर गोळ्या मिळायला लागल्या, तेव्हा एक वेगळाच गोंधळ झाला. औषध चालू असतानाच काही जणांचे चट्टे लाल होऊन सुजायचे, कोपराजवळची नस ठणकायची, बोटांतली ताकद जायची. पेशंटला वाटायचं गोळ्या बाधल्या, की गोळ्या बंद. खरं तर ती रिअॅक्शन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडते आणि त्यात नस भरडली जाते, अशा वेळी गोळ्या चालूच ठेवून वर स्टेरॉइड द्यायचं असतं, तेही वेळेत, नाहीतर हात कायमचा वाकडा होतो. हे रिसर्च पेपरात छापून वॉर्डातल्या सिस्टरला, वॉर्डबॉयला आणि पेशंटच्या बायकोला कळणार नाही, त्यांच्याशी मराठीतच बोललं पाहिजे, हे सर कायम सांगायचे.

म्हणून विद्यार्थ्यांनी आणि घरच्यांनी देणगी दिली तेव्हा देणगीपत्रात दोन व्याख्यानं लिहिली. एक संशोधकांसाठी इंग्रजीतून, दुसरं मराठीतून आणि सगळ्यांना खुलं. मराठी व्याख्यानाला प्रश्नच तासभर चालायचे.

आता खरा वाद. मुद्दल मोडता येत नाही, फक्त व्याज वापरायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात एफडीला बारा टक्क्यांच्या आसपास मिळायचे, २०२० पर्यंत ते साडेपाच-सहावर आलं. म्हणजे समजा दोन लाखांवर चोवीस हजार यायचे तिथे २०२० ला बाराही जेमतेम, आणि त्याच काळात विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण सगळं वाढलेलं. तर कोविडच्या दोन-तीन वर्षं आधी समितीने ठरवलं की एकच व्याख्यान ठेवू. समितीची अडचण खरी होती, ते मान्य. पण कात्री लावायची तर बाहेरून येणाऱ्या पाहुण्याच्या खर्चाला लावता आली असती, मराठी व्याख्यानाला खर्च होता कितीसा? वक्ते इथलेच, हॉल कॉलेजचा, बाकी चहा-बिस्किटं. देणगीपत्रात 'शक्यतो' हा शब्द आहे त्याचा आधार घेतला गेला, आणि तो शब्द दोन्ही व्याख्यानांना लागू असताना गळलं मात्र मराठीच, हे मला आजही पटत नाही.

आणि गळलं कधी, तर नेमकं गरज पडायच्या आधी. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत कोविडचा सेरो सर्व्हे, म्हणजे रक्ततपासणीची पाहणी, झाला, झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या. दुसऱ्या दिवसापासून जो तो विचारत होता की अँटीबॉडी आल्या म्हणजे आता मास्क नको का, किती दिवस टिकतात, एकदा होऊन गेला तर लस घ्यायची का. त्या वर्षीचं व्याख्यान ऑनलाइन झालं, बी सेलच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या) मेमरीवर, उत्तम होतं, पण पूर्ण इंग्रजीत आणि लिंक फक्त विभागात फिरलेली. ऑनलाइनमुळे त्या वर्षी प्रवासखर्च शून्य होता हे पण लक्षात घ्या.

सध्या माजी विद्यार्थी मुद्दलात भर घालायला पैसे जमवतायत आणि दुसरं व्याख्यान परत सुरू करा असं पत्र समितीकडे गेलंय, उत्तर आलेलं नाही. पैसे देणार असाल तर सोबतच्या पत्रात 'कायम निधीसाठी, मराठी व्याख्यानाकरिता' असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या, नुसता चेक दिलात तर तो सर्वसाधारण खात्यात जमा होऊ शकतो.