सोबत मित्र असला की चढ कमी का वाटतो?

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, एकटं चढलं की दम लागतो आणि कोणाशी बोलत बोलत चढलं तर वर कधी पोचलो ते कळतही नाही. २००८ साली सिमोन श्नाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. लोकांना टेकडीच्या पायथ्याशी उभं केलं आणि विचारलं, किती चढ वाटतो? ज्यांच्या सोबत मित्र होता त्यांना तीच टेकडी एकट्या उभ्या असलेल्यांपेक्षा सोपी वाटली, आणि मैत्री जितकी जुनी तितका चढ आणखी कमी. आता हा प्रयोग छोटा होता, अशा चढाच्या प्रयोगांवर आक्षेपही आले की लोक समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखून उत्तर देतात, त्यामुळे एकट्या याच्यावर भिस्त ठेवू नका. पण बाकी पुरावा भरपूर आहे आणि तो आपल्या चर्चच्या मंडळ्यांच्या फार कामाचा आहे.

चर्चला जाणारी माणसं जास्त समाधानी असतात असं बऱ्याच पाहण्यांत दिसतं. पण कशामुळे? प्रवचनामुळे, गाण्यांमुळे, की आणखी कशामुळे? चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांनी अमेरिकेतल्या तीन हजारांवर लोकांना प्रश्न विचारले, वर्षभरानं त्यातल्या बऱ्याच जणांना परत गाठलं, आणि २०१० साली निष्कर्ष छापला. फरक पडत होता तो मंडळीतल्या जवळच्या मित्रांमुळे. दर रविवारी येणारा, पण मंडळीत एकही जवळचा मित्र नसलेला माणूस, न येणाऱ्यापेक्षा जास्त समाधानी नव्हता. पास्टर किंवा एल्डर असाल तर हे वाक्य प्लीज परत वाचा. इथे मोजलंय ते समाधान, विश्वास नाही, हे मान्य, आणि देश पण वेगळा आहे. तरी आपल्याकडे उपासना संपल्यावर गेटजवळ काय होतं ते पाहा ना. आशीर्वाद झाला, प्रेज द लॉर्ड झालं, आणि पाच मिनिटांत गाड्या सुरू. ओळखीचे लोक घोळक्यात बोलत असतात, आणि नागपुरात नवीनच बदली होऊन आलेला कोणीतरी हातात हेल्मेट घेऊन नोटीस बोर्ड वाचत उभा असतो, कारण दुसरीकडे पाहायला काही नाही!

शरीराच्या आत काय घडतं तेही थोडं कळलंय. झुरिचमध्ये ३७ पुरुषांना अनोळखी लोकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावली, म्हणजे कोणालाही घाम फुटेल असं काम. काही जणांचा जिवलग मित्र तयारीच्या वेळी त्यांच्यासोबत होता, काहींचा नव्हता. ताण आला की वाढणारं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन थुंकीतून मोजलं, तर मित्र सोबत असलेल्यांमध्ये ते कमी वाढलेलं. हा २००३ चा अभ्यास. आणि २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड यांनी १४८ अभ्यास एकत्र केले, तीन लाखांवर माणसं, त्यात ज्यांची नाती घट्ट होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

बायबलमध्ये योनाथान रानात लपलेल्या आपल्या मित्राला, दावीदाला, भेटायला जातो आणि त्याला देवाच्या ठायी धीर देतो, तो प्रसंग मला हे सगळं वाचल्यापासून वेगळाच दिसतो. योनाथानाचा बाप, राजा शौल, दावीदाच्या जिवावर उठलाय, सैन्य मागे लागलंय, त्यातलं काहीच योनाथान बदलू शकत नाही. तो फक्त तिथे जातो आणि भिऊ नको म्हणतो.

पण कोणताही धीर चालतो असं नाही हं. नायल बोल्जर यांनी २००० साली वकिलीच्या परीक्षेला बसणारे विद्यार्थी आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून रोजच्या डायऱ्या लिहून घेतल्या. जोडीदारानं मदत केली पण परीक्षा देणाऱ्याच्या ती लक्षातही आली नाही, अशी मदत सगळ्यात जास्त कामी आली. उघड दिसणारी मदत कधी कधी उलट जड झाली, कारण आपण कमी पडतोय असं वाटायला लागतं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. नोकरी गेलेल्या माणसाला प्रार्थना सभेत सगळ्यांसमोर उभं करून बायबलची वचनं ऐकवणं आणि संध्याकाळी त्याला नुसतं "चला भाऊ, तर्री पोहे खाऊ" म्हणणं, यात मी दुसऱ्याला जास्त मार्क देईन. वचन नको असं म्हणत नाही, वेळ आणि जागा पाहून द्या.

मग मैत्री होते कशी? जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, आणि हे तास गप्पांचे, फिरण्याचे, मोकळे हवेत, एका ऑफिसात काम केलेले तास जवळजवळ धरतच नाहीत. म्हणजे कमिटी मीटिंग पण त्यात येत नसावी, हा माझा अंदाज. नागपूरला हे कळायला काही अडचण नाही. ज्यांचं नाव आपल्या हिस्लॉप कॉलेजला आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून इथे आले, त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर, आणि हे दोघं मिशनचं काम करता करता टाकळीच्या बाजूला दगडांत अडकलेले जुने शंख आणि वनस्पतींचे अवशेष शोधत हिंडायचे. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूरच्या भूगर्भावरचा त्यांचा लेख आला, दोघांच्या नावानं.

आता आपला हिशोब करा. रविवारी उपासनेनंतर २० मिनिटं गप्पा, वर्षाला जेमतेम १७ तास, म्हणजे जिवलग मित्र व्हायला अकरा-बारा वर्षं. रेल्वेत, कोळसा खाणीत, बँकेत बदलीवर आलेलं कुटुंब तर तीनेक वर्षांत निघून पण जातं. म्हणून नवीन घर मंडळीत आलं की त्यांचं नाव रजिस्टरला लिहितानाच एका जुन्या घराला सांगून टाका, पुढचे सहा महिने शनिवारची सकाळ यांच्यासोबत, फुटाळा तलावावर नाहीतर सेमिनरी हिल्सवर, दोन तास, आणि अजेंडा काही नाही. सहा महिन्यांत ५० तास होतात.