व्हीआरची मळमळ आणि वैमानिकांची फूटपट्टी

पाचगणी-महाबळेश्वरच्या गेम झोनमध्ये, मोठ्या यात्रांत, क्वचित एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारा व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) हेडसेट दिसतो, तिथे एक आश्वासन हमखास मिळतं: "हा नवीन आहे, यात गरगरत नाही." हेडसेट नवीन आहे की जुना हे बघता येतं. गरगरत नाही हे कोणत्या मापाने ठरवायचं, यावर मात्र गेली तीस वर्षं एकमत नाही.

कारणाचा शोध जुना आहे. डोळे एक सांगतात आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय दुसरंच, ही मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकीय नियतकालिकांत दिसते. तिचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांतून आला. आतल्या कानाचं तोलाचं काम पूर्ण बंद पडलेल्या कर्णबधिर स्वयंसेवकांना खवळलेल्या समुद्रात नेलं, तर ते पत्ते खेळत बसले आणि संशोधकच आडवे झाले.

पडद्यामुळे होणाऱ्या त्रासाची पहिली नोंद 1957 ची, हेलिकॉप्टर शिकवण्याच्या सिम्युलेटरमधली, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा आभास देणाऱ्या यंत्रातली. पसरणीच्या घाटात मागच्या बाकावरच्याला गाडी लागते, ड्रायव्हरला लागत नाही, कारण वळण त्याला आधी कळतं. सिम्युलेटरमध्ये नेमकं उलट झालं. शिकाऊंपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना जास्त त्रास झाला. कोणत्या वळणाला अंग कसं झुकतं हे त्यांच्यात मुरलेलं होतं, आणि यंत्राकडून ते झुकणं मिळत नव्हतं.

पुढची बरीच वर्षं हा विषय लष्करी प्रशिक्षणापुरताच राहिला, आणि आजच्या वादाचं मूळ तिथेच आहे. 1993 मध्ये नौदलाच्या 10 सिम्युलेटरमधून जमवलेल्या हजाराहून अधिक नोंदींवरून एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात 16 लक्षणं आहेत: मळमळ, घाम, डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, भोवळ, ढेकर वगैरे. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. लक्षणांचे गट तीन: पोटाचे, डोळ्यांचे आणि तोल-दिशा हरवण्याचे. काही लक्षणं दोन गटांत येतात आणि म्हणून दोनदा मोजली जातात. तिन्ही गटांची बेरीज करून 3.74 ने गुणायची, की एकूण गुण निघाले. पुढे 20 च्या वर गुण गेले तर यंत्र वाईट, असा दंडक रूढ झाला.

हा दंडक किती नाजूक आहे ते हिशेब मांडला की दिसतं. मे महिन्यात सांगलीतल्या पत्र्याच्या हॉलमध्ये रांगेत उभ्या असलेल्या मुलाला थोडा घाम आलाय, थोडा थकवा आहे, डोकं थोडं दुखतंय, डोळ्यांवर थोडा ताण आहे आणि लक्ष थोडं विचलित आहे. लक्ष विचलित होणं दोन गटांत मोजायचं, म्हणजे बेरीज 6. गुणाकार 22.44. हेडसेट मुलाच्या डोक्याला लागण्याआधीच यंत्र "वाईट" ठरलं.

प्रश्नावली करणाऱ्यांवर याचा दोष टाकणं अन्यायाचं होईल. प्रकृती नेहमीसारखी ठीक असलेल्यांनीच, आणि यंत्रातून बाहेर आल्यावरच ती भरायची, हे त्यांनी सांगून ठेवलं होतं. वैमानिक निवडून घेतलेले, धडधाकट, आणि त्या काळी बहुतांशी पुरुष. तीच फूटपट्टी नंतर विद्यार्थी, गृहिणी, आजी-आजोबा सगळ्यांना लावली गेली. वापराच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा भरून घेऊन फरक काढायचा, ही पळवाट लोकप्रिय झाली. पण 2006 च्या एका प्रयोगात दिसलं, की आधीच मळमळीबद्दल विचारलं तर नंतर माणसं जास्त त्रास नोंदवतात.

1997 मध्येच दाखवून दिलं गेलं होतं, की सिम्युलेटरमध्ये डोळ्यांच्या तक्रारी सर्वांत वर असतात, तर व्हीआरमध्ये दिशा हरवल्याच्या. तरीही फूटपट्टी बदलली नाही, कारण जुन्या आकड्यांशी तुलना करायची सोय कुणालाच सोडवेना. 2018 मध्ये खास व्हीआरसाठी नऊ लक्षणांची छोटी आवृत्ती निघाली. तिच्यातून पोटाचा गटच गळाला. माझ्या मते हा इलाज दुखण्यापेक्षा वाईट आहे. हेडसेट काढून बाहेर धावणाऱ्याची मळमळ मग नोंदवायची कुठे?

यंत्रं या काळात खरोखर सुधारली. 2013 च्या, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठीच्या हेडसेटचा पडदा 60 हर्ट्झचा (सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा) होता, पुढच्या वर्षी 75 आणि 2016 मध्ये बाजारात आलेल्यांचा 90 ते 120. मान वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ 20 मिलिसेकंदांच्या आत हवा, हा निकष रूढ झाला. सॉफ्टवेअरमध्येही युक्त्या आल्या: चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी, सलग वळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वळणं, आणि वेग वाढला की चित्राच्या कडा काळ्या करणं. बायकांना हा त्रास मुळातच जास्त होतो, असं सरसकट म्हटलं जाई. 2020 च्या एका अभ्यासात भिंगांमधलं अंतर त्यांच्या डोळ्यांना नीट जुळल्यावर तो फरक दिसेनासा झाला.

पण हर्ट्झ कितीही वाढवले तरी खुर्चीत बसून रोलर कोस्टर बघणाऱ्याचं शरीर जागेवरच असतं. 2014 मध्ये मोबाईल घालायची पुठ्ठ्याची पेटी आली आणि व्हीआर स्वस्त झालं. त्या प्रकारच्या पेटीला फक्त मान वळवलेली कळते, पुढे झुकलेलं कळत नाही. जत्रेत दाखवायला रोलर कोस्टरच लागतो, म्हणजे त्रासाची दोन्ही कारणं एकाच तिकिटात.

साध्या फोनकडे हा विषय उशिरा वळला. 2013 मध्ये आयफोनच्या नव्या रूपात चित्रं सरकू-झूम होऊ लागली आणि लोकांना चक्कर येऊ लागली, तेव्हा हालचाल कमी करण्याच्या सेटिंगचं महत्त्व अनेकांना कळलं. 2017 पासून वेबसाइट्सनाही वाचकाची ही पसंती ब्राउझरकडून कळू लागली. 2024 मध्ये चालत्या गाडीत वाचणाऱ्यांसाठी पडद्याच्या कडेला ठिपके आले, गाडी वळली की तेही सरकतात. बहुतेक फोनमध्ये या सोयी "अ‍ॅक्सेसिबिलिटी"खाली असतात. तो भाग अपंगांसाठीच आहे असं समजून बाकीचे तिकडे फिरकत नाहीत.